साखर तोडली की गाठ उपाशी मरते का?

प्रश्न : वडिलांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे. गाठ साखरेवर वाढते, म्हणून गोड तर सोडाच, भातही बंद करा, असं नातेवाईक सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : या सल्ल्यामागे एक खरं निरीक्षण आहे. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवलं, की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन असूनही बरंचसं ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. त्यांना ग्लुकोज भरपूर लागतं. पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते ती त्यामुळेच.

इथे येतं पीकेएम-२ हे विकर, म्हणजे एन्झाइम. ग्लुकोजच्या विघटनाची शेवटची पायरी त्याच्या हाती असते. कर्करोगाच्या पेशींत ते अनेकदा मंदावतं आणि मागे साचलेला कच्चा माल नव्या पेशी बांधायला वळवता येतो. आतड्याच्या गाठींतही ते मुबलक सापडतं, म्हणून गाठ वाढवण्याचा संशय त्याच्यावर गेला. पण २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात, एपीसी हे जनुक निकामी झाल्याने होणाऱ्या आतड्याच्या गाठी पीकेएम-२ काढून टाकल्यावरही वाढल्या.

म्हणजे गाठीचं ग्लुकोजशी नातं वाटतं तितकं सरळ नाही. मग भात बंद करायचा? मुळीच नको. जेवण तोडलं तरी यकृत रक्तातली साखर टिकवतं, त्यासाठी स्नायूंची प्रथिनंही मोडली जातात. गाठीला मिळायचं ते मिळतंच. खंगतो तो रुग्ण, आणि केमोथेरपी सोसणं त्याला जड जातं.

वडिलांना मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवा. नसेल तर त्यांना वरण-भात, अंडी, दही रुचेल तसं खाऊ द्या आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवा.