दैव पाचवं आहे

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 13 ते 16



आज 30 सप्टेंबर. या दिवशी आई पहाटे साडेतीनला उठते, देवापुढे दिवा लावते आणि चार वाजून जाईपर्यंत जप करत बसते. लहानपणी मला वाटायचं, काहीतरी व्रत असेल. नंतर कळलं. 1993 साली याच पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीजवळच्या गावात तिच्या माहेरचं घर पडलं. आजोबा त्यात गेले. आजी वाचली.

म्हणून आज नेहमीचा क्रम सोडून अठराव्या अध्यायात जाऊ या.

श्लोक काय सांगतात

भगवंत अर्जुनाला सांगतात की कोणतंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर ते घडतं. कर्ता म्हणजे करणारा. करण म्हणजे साधनं. चेष्टा म्हणजे वेगवेगळे प्रयत्न. आणि पाचवं दैव. पुढे ते म्हणतात, जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता असा अर्थ घेतात. तो अर्थ मला मान्य आहे. आज मी फक्त रोजच्या बोलण्यातला अर्थ धरतोय. शरीर हे आपलं अधिष्ठान, तर ते शरीर ज्या छपराखाली झोपतं ते घर हे त्याचं अधिष्ठान. आणि दैव म्हणजे जे आपल्या हातात नाही ते.

एक गोष्ट लक्षात घ्या. यादीत दैव आहे, पण ते एकटं नाही. त्याच्या आधी चार नावं आहेत. आपण बहुतेक वेळा पाचव्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. निदान मी तरी थांबलो होतो. ते पुढे सांगतो.

किल्लारीत काय झालं

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसं उशिरा घरी आली आणि गाढ झोपली. पहाटे जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता सुमारे 6.2 होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली.

एवढ्याच ताकदीचे भूकंप जगात इतर ठिकाणीही होतात, आणि सगळीकडे इतकी माणसं जात नाहीत. मग इथेच का? उत्तर भिंतींमध्ये होतं. तिकडची जुनी घरं माळवदाची. जाड दगडी भिंती, पण दगड चिखलात रचलेले. भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन पदर, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाही. वर लाकडी सरांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात ते घर थंडगार राहायचं. पण जमीन आडवी हलली की भिंतीचे पदर सुटतात, भिंत फुगते, आणि वरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर येते. हलक्या छपराच्या झोपड्यांनी इतके जीव घेतले नाहीत.

तो भाग तेव्हाच्या नकाशात भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या झोन 1 मध्ये होता. 2002 मध्ये नकाशा बदलला, झोन 1 काढूनच टाकला आणि किल्लारीचा परिसर झोन 3 मध्ये आला. त्या नकाशात पुणे आणि मुंबईही झोन 3 मध्येच आहेत, आणि कोयनेचा भाग झोन 4 मध्ये. कोयनानगरला 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला होता. त्यात सुमारे 180 माणसं गेली. तेव्हा 'आपल्याकडे कुठे भूकंप होतो' हे वाक्य आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी तरी बोलू नये.

हा देवाचा कोप होता का?

दरवर्षी मला कोणीतरी मेसेज करून हे विचारतं. हा प्रश्न जुना आहे. 1934 मध्ये बिहारच्या भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं म्हटलं होतं. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. अस्पृश्यता पाप आहे याबद्दल दोघांचं दुमत नव्हतं. पण भूकंपाला भौतिक कारणं असतात आणि ती तशीच बघावीत, असं रवींद्रनाथांचं म्हणणं होतं.

मी माझ्या आजोबांकडे बघतो. रोज पहाटे स्नान, ज्ञानेश्वरीचं वाचन, दारात आलेल्याला भाकरी. त्या माणसाला शिक्षा कसली? गणपतीला निरोप देऊन झोपलेल्या लेकरांना शिक्षा कसली? देवाच्या नावावर हे खपवणं मला भक्ती वाटत नाही.

1992 मध्येही त्या भागात लहान धक्के बसले होते. आजी तेव्हापासून अंगणात बाज टाकून झोपायची. आजोबा घरातच झोपायचे. म्हणायचे, देव आहे ना. मी एकदा आईला विचारलं, "आजोबांचा विश्वास चुकला का गं?" आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अण्णांनी देवावर विश्वास ठेवला, त्यात काही चुकलं नाही बघ. त्यांनी भिंतीवर पण तेवढाच ठेवला."

आता माझी गोष्ट

मी पुण्यात राहतो. आमची इमारत 24 वर्षांची आहे. खाली सगळं स्टिल्ट पार्किंग, म्हणजे तळमजल्यावर भिंती नाहीत, नुसते खांब. वर मात्र भिंतींनी भरलेले मजले. अशा इमारतीत भूकंपाचा सगळा ताण खालच्या खांबांवर येतो. 26 जानेवारी 2001 ला भूजला भूकंप झाला, तेव्हा तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादमध्ये अशा उघड्या तळमजल्याच्या कितीतरी इमारती कोसळल्या. त्या काही दगडमातीच्या नव्हत्या. आपल्यासारख्यांच्या फ्लॅटच्या होत्या.

हे सगळं मला माहीत होतं. मी इंजिनिअर आहे, माझ्या आजोबांचं असं झालंय. तरीही दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय आला, तेव्हा खर्चाचा आकडा ऐकून मीच हसत म्हणालो, "जे व्हायचं ते होणारच, देवाच्या मनात असेल तसं." सगळे हसले. विषय पुढे ढकलला गेला. उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करायचं असतं. आमचं एकदाही झालेलं नव्हतं.

आणि ऑफिसमध्ये मी काय करतो? सर्व्हर कधी ना कधी पडणारच, हे गृहीत धरून काम करतो. बॅकअप घेतो, दुसऱ्या शहरात कॉपी ठेवतो, दर तीन महिन्यांनी मुद्दाम सिस्टिम पाडून ती परत उभी राहते का ते बघतो. तिथे कधी म्हटलं नाही की देवाच्या मनात असेल तसं. म्हणजे कंपनीच्या डेटासाठी चेष्टा आणि स्वतःच्या लेकीसाठी दैव! हा विश्वास नव्हता, मंडळी. कंजूषपणा आणि आळस होता. मी त्याला देवाचं नाव दिलं होतं.

चार कारणं, आपल्या घरात

अधिष्ठान : इमारतीचं ऑडिट झालंय का, विचारा. भाड्याने राहत असाल तरी विचारा. गावाकडे दगडमातीचं घर असेल तर माळवदाचं ओझं कमी करता येईल का, भिंतींना आडवे पट्टे देता येतील का, हे जाणकार अभियंत्याला दाखवा.

कर्ता : घरातल्या प्रत्येकाला काय करायचं ते माहीत हवं. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत हादरे सुरू असताना जिन्याकडे धावायचं नाही, लिफ्ट तर नाहीच. खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय धरून ठेवा. पलंगावर असाल तर तिथेच थांबून डोक्यावर उशी घ्या. दगडमातीच्या बैठ्या घरात दार अगदी जवळ असेल, तर मात्र मोकळ्यावर या.

करण : टॉर्च, शिट्टी, नेहमीची औषधं, कागदपत्रांच्या प्रती, माणशी रोज तीन-चार लिटरप्रमाणे तीन दिवसांचं पाणी. पलंगाशेजारी चपला, कारण अंधारात काचा पायात जातात. 112 हा नंबर मुलांनाही पाठ हवा.

चेष्टा : कपाटं भिंतीला पट्टीने आवळा. उशाशी जड काही टांगू नका. हादरे थांबले की गॅस बंद करून जिन्याने उतरायचं आणि कुठे भेटायचं, ते आज ठरवा. वर्षातून दोनदा सराव करा.

हे करताना मला आमच्याच घरात एक गोष्ट दिसली. लेकीच्या पलंगावरच्या फळीवर आमचं संगमरवरी देवघर होतं. मी रोज तिथे हात जोडून तिच्यासाठी आयुष्य मागत होतो, आणि ते देवघर चार खिळ्यांवर तिच्या डोक्यावर होतं. त्याच दिवशी ते खाली जमिनीलगत आणलं. आता ती देवासमोर मांडी घालून बसते.

मग पाचवं?

इतकं करूनही खात्री नाही. भूकंप कोणत्या दिवशी, किती वाजता येईल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. म्हणूनच भगवंत म्हणतात की एकट्या स्वतःलाच कर्ता समजू नका. चार कारणं प्रामाणिकपणे केली की पाचवं त्याच्या पायाशी ठेवायचं आणि शांत झोपायचं. न करता ठेवलं तर ते समर्पण होत नाही, टाळाटाळ होते.

गेल्या वर्षी मी सभेत माझ्या त्या वाक्याबद्दल माफी मागितली. ऑडिट झालं. खालच्या काही खांबांमधल्या सळ्या गंजल्यात, ते खांब मजबूत करावे लागतील. खर्च आधीपेक्षा मोठा आहे. येत्या रविवारी त्यावर मतदान आहे. कुरकुर सुरू झालीय. मी हात वर करणार आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांचा हप्ता थोडे दिवस मी भरेन, असंही सांगणार आहे.

आजचा संकल्प

आज रात्री झोपण्याआधी घरातल्या प्रत्येक पलंगाजवळ उभे राहा आणि वर बघा. जे पडू शकतं, ते खाली घ्या. मग नामस्मरण करा.

किल्लारीत त्या पहाटे गेलेल्या सगळ्यांना नमस्कार.

राम कृष्ण हरी.