आड, पोहरा आणि २०४८ बिटं

२००४ साली पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी सी-मध्ये आरएसए किल्ल्या बनवणारा प्रोग्रॅम लिहिला. पद्धत सोपी होती. रँड() ला पुन्हा पुन्हा बोलवायचं, मिळालेले तुकडे एकापुढे एक चिकटवत १०२४ बिटांचा आकडा उभा करायचा, तिथून पुढची मूळ संख्या शोधायची. अशा दोन मूळ संख्यांचा गुणाकार ६१७ अंकी आला. इतका आवडला की प्रिंट काढून टेबलासमोर लावला.

आमच्या टीममधल्या सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांना सगळे काका म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो कागद वाचला, वरच्या दोन ओळी कोडही वाचलं आणि एवढंच विचारलं, "कधी बनवलीस रे ही?"

"जेवण झाल्यावर, काका. दीड ते दोनच्या मध्ये."

चारचा चहा यायच्या आत माझ्या दोन्ही गुप्त मूळ संख्या छापून त्यांनी कीबोर्डवर ठेवल्या. अर्ध्या तासात सेकंद १८००. माझाच प्रोग्रॅम त्यांनी तेवढ्या वेळा वेगवेगळी वेळ देऊन चालवला होता, बस्स. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" असं म्हणून ते चहाला गेले. त्यानंतर वीस वर्षांत जे कळलं, ते त्या चहाचंच व्याज.

१. आकडा किती मोठा हे बघू नका, तो किती वेगवेगळा येऊ शकला असता हे बघा. माझ्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या एसरँड(टाइम(नल)) या ओळीत आड म्हणजे घड्याळ. एसरँडला दिलेलं सीड ३२ बिटांचं, म्हणजे फार तर ४२९ कोटी सुरुवाती. पुढे तुम्ही २०४८ बिटं काढा नाहीतर वीस लाख, वेगवेगळ्या मालिका ४२९ कोटीच. त्यात वेळ अंदाजे ठाऊक असेल तर वर्षभराचे सेकंद मिळून सव्वातीन कोटीसुद्धा भरत नाहीत. एवढं काम साधा लॅपटॉपही हसतहसत करतो.

मर्सेन ट्विस्टर वापरलं तरी सुटका नाही. सिम्युलेशनसाठी ते उत्तम, पण त्याची ३२ बिटांची सलग ६२४ उत्तरं हाती लागली की पुढची सगळी सांगता येतात. जीएमपी लायब्ररीच्या मोठ्या रँडम आकड्यांमागे मुळात हेच असतं, हे मला उशिरा कळलं.

२. घरगुती मसाला घालू नये. काकांनी नाक कापल्यावर मी वेळेत प्रोसेस आयडी मिसळला आणि स्वतःवर खूश झालो. मग कळलं की नेटस्केपने आपल्या ब्राउझरमध्ये हेच केलं होतं: वेळ, प्रोसेसचा क्रमांक, तिच्या आईचा क्रमांक. १९९५ साली बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी ते उघडं पाडलं. मायक्रोसेकंद धरले तरी एका सेकंदात ते दहा लाखच. मसाल्याचे सगळे डबे शेजाऱ्याला माहीत असतील तर आमटी गुप्त कशी राहणार?

३. आड कर्नलचा आहे, तिथूनच भरा. लिनक्समध्ये गेटरँडम() २०१४ साली, ३.१७ आवृत्तीत आलं. जीलिबसीमध्ये यायला २०१७ उजाडलं. त्याआधी आम्ही /डेव्ह/यूरँडम ही फाइल उघडून वाचायचो. बीएसडीवर आर्क4रँडम_बफ(), विंडोजवर बीक्रिप्टजेनरँडम(). १०२४ बिटं म्हणजे १२८ बाइट. तेवढे मागा, सर्वांत वरची दोन बिटं १ करा म्हणजे गुणाकार पूर्ण २०४८ बिटांचा भरतो, शेवटचं बिट १ करा म्हणजे आकडा विषम होतो, आणि मिलर-रॅबिन चाचणी लावा. नापास झाला तर नवे १२८ बाइट. या आकाराच्या विषम संख्यांत साधारण साडेतीनशेंतली एक मूळ निघते, त्यामुळे धीर धरा. पुढची मूळ संख्या शोधत चालत जाण्याचा माझा जुना शॉर्टकट नको: ज्या मूळ संख्येआधी मोठी पोकळी असते, ती त्यात जास्त वेळा निवडली जाते.

आणि परत आलेली किंमत तपासा. मोठी मागणी मध्येच सिग्नल आल्यामुळे अर्धवट पुरी होऊ शकते. उरलेला बफर मग आधी होता तसाच राहतो आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

४. रँडम बाइट म्हणजे स्ट्रिंग नव्हे. या एका वाक्यासाठी मी तीन दिवस घालवले आहेत. आमच्या काही उपकरणांची ३२ बाइटांची किल्ली सर्व्हरशी जुळत नव्हती. बहुतेक जुळत, आठ-नऊमागे एखादं अडून बसे. वायर बदलल्या, बोर्ड बदलले, हार्डवेअरवाल्यांशी भांडणही झालं. तिसऱ्या रात्री दोन अडेल किल्ल्या कागदावर हेक्समध्ये लिहून काढल्या, तेव्हा दोन्हींत मध्येच कुठेतरी ००. उपकरणाच्या बाजूला कुणीतरी (मीच) स्ट्रलेन() वापरलं होतं, ते शून्य दिसताच थांबायचं. ३२ रँडम बाइटांत निदान एक शून्य असण्याची शक्यता जवळजवळ १२ टक्के; हिशोब तिथेच जुळला.

उपकरण आणि सर्व्हर यांचं जुळलं नाही म्हणून ती चूक सापडली. सर्व्हरवरही स्ट्रलेन() असतं तर सगळं सुरळीत चाललं असतं आणि दर २५६ किल्ल्यांमागे एक पूर्ण रिकामी निघाली असती.

५. % हे चिन्ह पक्षपाती आहे. एका बाइटच्या २५६ किमती, त्याला १० ने भागून बाकी घेतली तर ० ते ५ हे अंक प्रत्येकी २६ वाटांनी येतात, ६ ते ९ फक्त २५. २५० आणि त्यापुढचे बाइट फेकून द्या, नवे घ्या.

६. यंत्र जागं होतं तेव्हा त्याला काहीच आठवत नसतं. संगणक कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क यांच्या वेळेतल्या चुकारपणातून अनिश्चितता गोळा करतो. नुकत्याच पेटलेल्या राउटरला कीबोर्ड कुठला? २०१२ साली नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या आणि त्यांचा मसावि काढला. शाळेतला तोच मसावि. दोन यंत्रांनी एक मूळ संख्या सारखी निवडली असेल तर ती लगेच बाहेर पडते, आणि दोन्ही किल्ल्या फुटतात. टीएलएस वापरणाऱ्या यंत्रांपैकी अर्धा टक्का यंत्रांच्या गुप्त किल्ल्या त्यांना अशा मिळाल्या. बहुतेक राउटर, फायरवॉल अशी छोटी यंत्रं. ६१७ अंकी आकड्याचे अवयव पाडायला अख्खं जग हतबल, पण अशा दोन आकड्यांचा मसावि युक्लिडच्या रीतीने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघतो. म्हणूनच गेटरँडम() आड एकदा भरेपर्यंत थांबवून ठेवतं. यंत्र चालू व्हायला उशीर होतो अशी तक्रार येईल, येऊ द्या.

७. न समजलेली ओळ खोडू नका. डेबियनमध्ये २००६ साली एका तपासणी साधनाची कुरकुर बंद करायला ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातल्या एका ओळीतून खरी अनिश्चितता आत येत होती. उरला फक्त प्रोसेस आयडी, जास्तीत जास्त ३२,७६८. मे २००८ मध्ये लुचियानो बेल्लो यांना हे दिसेपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ किल्ल्या याच छोट्याशा डबक्यातून भरल्या जात होत्या. आणि चाचण्या? सगळ्या पास. कारण वाईट रँडम आकडा दिसायला अगदी चांगल्यासारखाच असतो.

तुमच्या जुन्या कोडच्या फोल्डरवर आज एकदा ग्रेप चालवा आणि एसरँड शोधा. माझ्याकडे चार जागी सापडलं. तीन बदलले, चौथा सापशिडीचा खेळ आहे, तो तसाच ठेवलाय.