राउटर यंत्राचीं आज्ञापत्रें व त्यांचें जतन

आपला संदेश केनवडाहून मुंबईस किंवा परदेशीं जातो, तेव्हां वाटेंतील प्रत्येक नाक्यावर त्यास पुढील दिशा दाखविणारें जें यंत्र असतें, त्यास राउटर म्हणतात. कोणता संदेश कोठें पाठवावा, कोणास आंत येऊं द्यावें व कोणास अडवावें, हें त्यास स्वतः कळत नाहीं. तें त्यास लिहून द्यावें लागतें. ह्या लेखास आपण येथें आज्ञापत्र म्हणूं. तें नीट न जपल्यास यंत्र धडधाकट असूनहि निरुपयोगी ठरतें.

घरगुती राउटरांत आज्ञा देतांच ती बहुधा आपोआप साठविली जाते. परंतु संस्थांतून वापरले जाणारे सिस्को कंपनीचे, आयओएस प्रणालीवर चालणारे राउटर पाहिले, तर त्यांत चार प्रकारची स्मृति आढळते. रॉममध्यें यंत्रास जागें करणारा छोटा कार्यक्रम असतो. फ्लॅशमध्यें मुख्य प्रणालीची फाइल असते. एनव्हीरॅममध्यें साठविलेलें आज्ञापत्र असतें. त्यास स्टार्टअप-कॉन्फिग म्हणतात. रॅममध्यें चालू आज्ञापत्र असतें. तें रनिंग-कॉन्फिग होय. पहिल्या तिन्ही स्मृति वीज गेली तरी टिकतात. रॅम मात्र तत्काळ रिकामी होते.

वीज येतांच रॉममधील कार्यक्रम यंत्राची तपासणी करतो, फ्लॅशमधील प्रणाली उचलतो, आणि मग ती प्रणाली साठविलेलें आज्ञापत्र रॅममध्यें उतरवून घेते. आपण दिलेली नवी आज्ञा केवळ चालू आज्ञापत्रांत जाते. समजा, ग्रामपंचायतीच्या राउटरांत कोणी पौषांत आवश्यक फेरफार केला, पण साठविला नाहीं. यंत्र महिनोन् महिने उत्तम चालतें. वैशाखांतील वादळानें वीज जाते. ती परत येते, पण फेरफार परत येत नाहीं. दाखल्यांसाठीं आलेले लोक खोळंबतात, आणि काय बदललें होतें हें एव्हांना कोणासहि आठवत नाहीं.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति ह्याचा ताम्रपट तेथें १९३९ सालीं उजेडांत आला. राजानें उच्चारलेला शब्द हवेंत विरला. तांब्यावर कोरलेलें दान मात्र सुमारें १६०० वर्षांनंतरहि वाचतां येतें. चालू व साठविलेलें आज्ञापत्र ह्यांत हाच भेद आहे. शब्द तांब्यावर कोरण्याचें काम येथें ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही एकच आज्ञा करते.

तथापि साठविण्याची घाईहि बरी नव्हे. दुरून काम करतांना एकाद्या चुकीच्या आज्ञेनें आपलीच वाट बंद होऊं शकते. म्हणून जाणते लोक आधीं ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देतात. म्हणजे १० मिनिटांनीं यंत्र पुन्हां सुरू होऊन जुनें आज्ञापत्र घेतें. फेरफार योग्य ठरल्यास ती आज्ञा रद्द करून मगच साठवितात. आधीं पारखावें, मग साठवावें.

आणखी एक खूण ध्यानांत ठेवावी. यंत्रांत एक सोळाधारी संख्या असते. ती सामान्यतः २१०२ असते. परवलीचा शब्द विसरल्यास ती २१४२ करतात. त्यायोगें यंत्र साठविलेलें आज्ञापत्र न वाचतांच सुरू होतें. काम झाल्यावर ती पूर्ववत् २१०२ न केल्यास, आज्ञापत्र जागेवर असूनहि प्रत्येक वेळीं यंत्र कोरेंच उठतें.

शेवटीं, प्रत यंत्राबाहेरहि असावी. १८०५ सालीं मराठी व्याकरण व १८१० सालीं मराठी कोश प्रसिद्ध करणारे विल्यम कॅरे ह्यांच्या, बंगालमधील श्रीरामपूर येथील छापखान्यास ११ मार्च १८१२ रोजीं आग लागली. टाइप वितळले, परंतु त्यांचे मूळ साचे वांचले, म्हणून नवे टाइप ओतून छपाई लवकरच सुरू झाली. ज्या हस्तलिखितांची दुसरी प्रत नव्हती, तीं मात्र कायमचीं गेलीं. राउटरवर वीज कोसळली तर त्याच्या पोटांतील सर्व स्मृति एकदमच जाते. म्हणून आज्ञापत्राची व प्रणालीच्या फाइलीची प्रत टीएफटीपीसारख्या साधनानें दुसऱ्या संगणकावर न्यावी, तीवर तारीख घालावी, आणि नवी प्रणाली चढवितांना शक्य तों जुनी फाइल, नवीवर यंत्र एकदां सुरू झाल्याखेरीज, पुसूं नये.

गांवच्या कार्यालयांत व शाळांत हीं यंत्रें सांभाळण्याचें काम उद्यां तुमच्यांपैकींच कोणाकडे येईल. आज चालतें आहे एवढ्यावर संतोष न मानतां, वीज जाऊन आल्यावरहि तें तसेंच चालेल काय, हा प्रश्न काम संपविण्यापूर्वीं ज्यानें स्वतःस विचारला, त्याच्या हातीं गांवाचें काम सुरक्षित राहील.