इंजिनातील उष्णता आणि तिचा निग्रह

सायकलच्या चाकात हवा भरीत असताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याच्या गाठी आहे. पंप नवा असला, त्याला तेल दिलेले असले, तरी ते टोक गरम होतेच; कारण ही ऊब केवळ घर्षणाची नव्हे. हवा दाबली की तिच्यावर केलेले श्रम उष्णतेच्या रूपाने तिच्यातच साठून राहतात. पदार्थविज्ञानातील या साध्या नियमात आजच्या मोटारींच्या एका मोठ्या अडचणीचे मूळ आहे. तिचाच विचार आपण येथे करू.

पूर्वी कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतणारे चालक हे नित्याचे दृश्य होते. आता ते क्वचितच दिसते. आपल्या सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीकडे जाणारा डोंगराळ रस्ता आजच्या लहान मोटारी भर उन्हाळ्यात, सारे कुटुंब बसवून, सहज चढून जातात. त्यांपैकी अनेकींच्या इंजिनाला हवा कोंबून भरणारा पंप जोडलेला असतो. तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असेल तर त्याला सुपरचार्जर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरत असेल तर टर्बोचार्जर. दोघांचे कार्य एकच, आणि दोघांची अडचणही एकच.

हवा कोंबण्याचे कारण

एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जाळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. सिलिंडरमध्ये पेट्रोल अधिक सोडणे सोपे. पण हवा मात्र वातावरणाचा दाब ढकलील तेवढीच आत शिरते. म्हणून पंपाने ती बळेच भरावयाची. पण येथेच सायकलच्या पंपाचा नियम आडवा येतो. आपण हिशोबच मांडू. बाहेरची हवा ४० अंश सेल्सिअस आहे आणि पंपाने तिचा दाब दीडपट केला, असे धरा. पंप सर्वस्वी निर्दोष असता, तरीही हवा सुमारे ७८ अंशांपर्यंत तापली असती. प्रत्यक्षातील पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती ९५ अंशांच्या घरात जाते. तापलेली हवा प्रसरण पावते; त्यामुळे दाब दीडपट झाला तरी हवेचे वजन केवळ सव्वापटीच्या थोडे वर जाते. लाभ अर्धा होतो आणि ताप मात्र पदरी पडतो.

अपस्फोटन म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये पेट्रोलचा स्फोट होतो असे आपण म्हणतो. पण निरोगी इंजिनात स्फोट होत नाही, ज्वलन होते. ठिणगी पडली की ज्वाला एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे, वाळल्या गवतातील वणव्याप्रमाणे, वेगाने परंतु क्रमाने पसरत जाते आणि दट्ट्याला खाली ढकलते. ज्वालेच्या पुढे, कोपऱ्यात उरलेले मिश्रण तोवर दबत व तापत असते. ते मुळातच फार तापलेले असेल, तर ज्वाला पोचण्याची वाट न पाहता ते एकदम, आपोआप पेटते. यालाच अपस्फोटन म्हणतात. गॅरेजमधील कारागीर त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात, कारण त्या वेळी हातोडीने टकटक केल्यासारखा धातूचा आवाज येतो.

हा आवाज क्षुल्लक समजू नये. इंजिनातील जळते वायू २,००० अंशांहून अधिक तापलेले असतात, आणि दट्ट्याचा मुख्य धातू असलेले ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते. तरीही दट्ट्या टिकतो; कारण एक तर तेल व पाणी त्याची उष्णता वाहून नेतात, आणि दुसरे म्हणजे त्याच्या पृष्ठभागाला तुलनेने थंड वायूचा एक पातळ थर चिकटलेला असतो. अपस्फोटनाच्या दाबलहरी हा रक्षक थरच उधळून लावतात. मग दट्ट्या तापतो, स्पार्क प्लगचे टोक लाल होते आणि ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटू लागते. त्याने उष्णता आणखी वाढते. हे दुष्टचक्र थांबले नाही, तर काही वेळातच दट्ट्याला भोक पडते.

उपायांचा इतिहास

या व्याधीचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केला. अमेरिकेत १९२१ साली टॉमस मिजले यांना असे आढळले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग किंचित मिसळले की टकटक थांबते. उपाय स्वस्त होता आणि गुणकारीही होता. १९४० साली १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळाल्यामुळेच ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनाला हवेचा वाढीव दाब सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत नेता आला.

परंतु ते शिसे जाणार कोठे? धुरावाटे ते रस्त्यावर, अंगणात आणि श्वासात आले. शिसे हे विष आहे, आणि त्याचा सर्वांत मोठा आघात वाढत्या मुलांच्या मेंदूवर होतो. तरीही ते बंद होण्यास फार काळ गेला. भारतात शिसेमिश्रित पेट्रोलची विक्री २००० साली थांबली. अल्जीरिया या अखेरच्या देशाने २०२१ साली ते मोटारींसाठी बंद केले. इंजिनाचा दट्ट्या वाचविण्यासाठी शंभर वर्षे मुलांच्या बुद्धीने किंमत मोजली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आजचे मार्ग

आज आपण रोगाच्या मुळावर, म्हणजे उष्णतेवरच, इलाज करतो. पहिला मार्ग इंटरकूलरचा. पंपातून निघालेली तापलेली हवा पातळ पत्र्यांच्या जाळीतून नेऊन बाहेरच्या वाऱ्याने थंड करतात. आपल्या उदाहरणातील ९५ अंशांची हवा अशा रीतीने ५७ अंशांच्या आसपास आली, तर तिचे वजन सव्वापटीऐवजी जवळजवळ १.४ पट भरते. ताप घटतो आणि शक्तीही वाढते, असा दुहेरी लाभ होतो.

दुसरा मार्ग बाष्पीभवनाचा. मडक्यातील पाणी ज्या कारणाने थंड राहते, त्याच कारणाने सिलिंडरमध्ये शिरणारे थेंब मिश्रणाला थंड करतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. १९६२ सालच्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या टर्बोचार्जरयुक्त अमेरिकन मोटारीत याच हेतूने पाणी व मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण फवारीत असत. पण त्याची टाकी वेळेवर भरण्याचा चालकांना विसर पडे आणि ती युक्ती लोकप्रिय झाली नाही. आज आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखाने ते तयार करतात. इथेनॉलपासून लिटरमागे मिळणारी उष्णता पेट्रोलहून कमी, हे खरे; परंतु त्याचा ऑक्टेन अंक मोठा असून बाष्पीभवनासाठी ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते.

तिसरा मार्ग दक्षतेचा. इंजिनावर बसविलेला एक लहानसा संवेदक टकटक ऐकतो, आणि संगणक ठिणगी क्षणभर उशिरा पाडतो. शक्ती थोडी घटते, पण इंजिन वाचते.

चालकाचे कर्तव्य

एवढी योजना असली तरी माणसाची जबाबदारी संपत नाही. चढावर वरच्या गियरमध्ये इंजिनाला रखडत ओढावयास लावू नये. अशा वेळी मिश्रणाला तापण्यास अधिक अवधी मिळतो. वेळीच खालचा गियर घालावा. इंटरकूलर व रेडिएटर यांच्या जाळीतील धूळ, कीटक व पालापाचोळा काढावा. रेडिएटरमध्ये नुसते पाणी न घालता उत्पादकाने सांगितलेले कूलंट घालावे. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील दाब वातावरणाच्या दुप्पट असेल, तर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण निघताच ते उसळून अंगावर येते. तापाचा काटा चढू लागला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन निवू द्यावे.

विद्यार्थिमित्रांनो, शक्ती वाढविणे ही यंत्रविद्येची अर्धीच कहाणी आहे. त्या शक्तीबरोबर येणाऱ्या तापाची वाट लावणे, ही उरलेली अर्धी. आणि ती वाट कोणाच्या अंगणातून जाते, हे पाहिल्यावाचून कोणताही उपाय पूर्ण झाला असे समजू नये. तुमच्यापैकी कित्येकजण पुढे आपल्याच परिसरातील कारखान्यांत यंत्रे चालवतील, काहीजण नवी यंत्रे घडवतील. त्या वेळी हे दोन्ही प्रश्न विचारण्याची सवय तुम्हांला असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.