भातखाचरातील मिथेन आणि पाण्याची पाळी

तमिळनाडूतील कुंभकोणमलगतचे साक्कोट्टै हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गाव. मेत्तूर धरणातून प्रथेप्रमाणे 12 जूनला पाणी सुटले की या भागात कुरुवै भाताची लगबग सुरू होते.

आफ्रिकेतील गवताळ वणव्यांत गवत धुमसत, अपुरे जळते व मिथेन निर्माण होतो. भातखाचरात तो आगीविनाच तयार होतो. साचलेल्या पाण्याखालील मातीत प्राणवायू पोहोचत नाही. तेथील सूक्ष्मजीव मिथेन बनवतात आणि तो मुख्यतः रोपांतूनच हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवर्धक आहे.

भारतीय भातशेतीतून दरवर्षी 3 कोटी 78 लाख टन मिथेन बाहेर पडतो, असे परदेशी अनुमान एकेकाळी मांडले गेले होते. डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये झालेल्या देशव्यापी मोजणीत हा आकडा सुमारे 40 लाख टन आढळला. आपली सर्वच खाचरे सतत तुंबलेली नसतात, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

याच तत्त्वावर उपायही आधारलेला आहे. खाचरात सच्छिद्र नळी रोवून पाणी पृष्ठभागाखाली 15 सेंटिमीटर उतरल्यावरच पुन्हा द्यावे. फुलोऱ्यात मात्र ताण देऊ नये. यामुळे मिथेन सुमारे निम्म्याने घटू शकतो. नायट्रस ऑक्साइड वाढू नये म्हणून नत्रखत मोजकेच द्यावे.

तथापि, पुढची पाळी वेळेवर मिळेल याची खात्री नसेल, तर कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी खाचर सुकू देणार नाही. म्हणूनच हवामानरक्षणाचा आरंभ पाणीवाटपाच्या शिस्तीतून व्हावयास हवा.