स्पर्धा परीक्षेतील इंग्रजी : विस्कळीत वाक्ये कशी जुळवावीत?



धाराशिव, कळंब, भूम, उमरगा या भागांतील आपली पुष्कळ मुले-मुली बँकेच्या व स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांना बसतात. गणितात ती मागे नसतात. अडतात ती इंग्रजीत. त्यातही वाक्ये उलटसुलट देऊन योग्य क्रम विचारणारा प्रश्न आला, की मराठी माध्यमाचा विद्यार्थी तो सोडून देतो किंवा अंदाजाने खूण करतो.

हा अंदाज महागात पडतो. स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांसाठी ६० मिनिटे असतात. प्रत्येक प्रश्नास २ गुण, आणि उत्तर चुकल्यास अर्धा गुण वजा. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ३६ सेकंद मिळतात. चारही वाक्यांचे मनात मराठी भाषांतर करून मग क्रम लावू म्हटले, तर वेळ पुरत नाही. मी स्वतः मराठी माध्यमात शिकलो आणि सुरुवातीला हीच चूक करीत असे. अर्थ कळायचा, पण क्रम चुकायचा. कारण क्रम ठरतो तो वाक्यांतील लहानसहान शब्दांवरून, आणि भाषांतर करताना नेमके तेच शब्द गळून पडतात.

मराठी आणि इंग्रजीतील फरक

"बाईंनी मुलाला बोलावले" आणि "मुलाला बाईंनी बोलावले" या दोन्हींचा अर्थ एकच. कोणी कोणाला बोलावले हे आपल्याकडे 'नी' आणि 'ला' हे प्रत्यय सांगतात. इंग्रजीत "द टीचर कॉल्ड द बॉय" हे उलटे केले, तर मुलानेच बाईंना बोलावले असे होते. इंग्रजीत शब्दाची जागा हीच प्रत्ययाचे काम करते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, तर इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येते. एवढे मनात ठसले की निम्मी भीती जाते.

दुवे ओळखा

आजी गोष्ट सांगताना "एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या" असे सांगते. "त्या राजाला" म्हणून ती गोष्ट सुरू करीत नाही. इंग्रजीतही तसेच आहे. पुढील खुणा पाठ कराव्यात :

१) वस्तूचा पहिला उल्लेख 'ए' किंवा 'ॲन' ने, तिचाच पुढचा उल्लेख 'द' ने. मात्र 'द सन', 'द अर्थ' अशा एकमेव वस्तूंना 'द' पहिल्यापासूनच लागतो.
२) 'ही', 'शी', 'इट', 'दे' ज्यांच्याबद्दल आले, ते नाव बहुधा आधीच्या वाक्यात असते.
३) 'धिस', 'दॅट', 'दीज', 'देअर' हे शब्द मागे बोट दाखवितात.
४) 'बट', 'हाऊएव्हर' पूर्वी उलट बाजू असते, 'देअरफोर' पूर्वी कारण असते.
५) व्यक्तीचे पूर्ण नाव आधी, नुसते आडनाव नंतर.

एक उदाहरण

पी : इट वॉज कॉल्ड तगर इन एन्शंट टाइम्स.
क्यू : दीज ऑब्जेक्ट्स आर नाऊ केप्ट इन ए म्युझियम.
आर : तेर इज ॲन ओल्ड टाउन इन अवर डिस्ट्रिक्ट.
एस : मेनी ऑब्जेक्ट्स ऑफ दॅट पीरियड हॅव बीन फाउंड देअर.

विषय आपल्याच जिल्ह्यातील तेर गावाचा आहे. प्राचीन तगर म्हणजे हेच तेर, आणि तेथील वस्तू रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात आहेत. पण ही माहिती नसली तरी उत्तर येते. पी मधील 'इट', क्यू मधील 'दीज' आणि एस मधील 'दॅट' मागे पाहतात, म्हणून ही तिन्ही वाक्ये आरंभी येऊ शकत नाहीत. राहिले आर. 'दॅट पीरियड' म्हणजे कोणता काळ? पी मधील प्राचीन काळ. म्हणून पी नंतर एस. 'दीज ऑब्जेक्ट्स' कोणत्या? एस मध्ये सापडलेल्या. उत्तर : आर, पी, एस, क्यू.

एकाच वाक्याचे तुकडे आल्यास

पी : टू रीड द न्यूजपेपर
क्यू : हू लिव्ह्ज इन ए व्हिलेज
आर : कम्स टू द लायब्ररी
एस : द गर्ल

प्रथम कर्ता शोधावा : एस. 'हू' हा शब्द ज्या व्यक्तीविषयी आहे तिला चिकटून येतो, म्हणून क्यू. मग मुख्य क्रियापद, आर. शेवटी येण्याचा हेतू, पी. 'लिव्ह्ज' हेही क्रियापद आहे, पण ते 'हू' च्या पोटातले; त्याला मुख्य क्रियापद समजू नये.

पर्यायांचा उपयोग

सारा क्रम जुळेपर्यंत थांबू नये. आरंभी येऊच शकत नाही असे वाक्य ज्या पर्यायांत पहिले आहे, ते पर्याय खोडावेत. मग दोन वाक्यांची एक पक्की जोडी शोधावी. वरील उदाहरणात 'एस-क्यू' ही जोडी सापडताच बहुतेक वेळा एकच पर्याय उरतो. जोडी सापडलीच नाही, तर प्रश्न मागे ठेवून पुढे जावे.

सराव

यासाठी महागडा क्लास लागत नाही. शाळेच्या इंग्रजी पुस्तकातील चार-पाच वाक्यांचा परिच्छेद घ्यावा. प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे, चिठ्ठ्या मिसळाव्यात आणि शेजारच्या मित्राला द्याव्यात. त्याने क्रम लावावा आणि कोणत्या शब्दावरून लावला ते मोठ्याने सांगावे. नंतर मूळ परिच्छेदाशी ताडून पाहावे. तयारी वाढली की महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंडांतील परिच्छेद घ्यावेत. त्यांचा युक्तिवाद पायरीपायरीने चढत जातो, त्यामुळे दुवे स्पष्ट दिसतात. शिवाय वाचनही होते.

रोज सायंकाळी दोन परिच्छेद, एवढा नेम तीन महिने पाळावा. चुकलेला प्रत्येक दुवा वहीत लिहून ठेवावा. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवे काही न वाचता तीच वही उघडावी. आपण कोठे चुकतो, हे ती वही कोणत्याही गाइडपेक्षा नेमके सांगेल.