पोणिकीचा डबा गाडीत वाजेल का?

प्रश्न : निर्मलला गाड्यांना साऊंड सिस्टिम बसवण्याचे काम करतो. डिकीच्या कोपऱ्यात बसेल असा सबवूफरचा फायबरचा डबा स्वतः बनवायचा आहे. इथे खेळण्यांचे पोणिकी लाकूड मिळते, कोरायला फार सोपे. त्याचा सांगाडा करून वर फायबर चढवले तर चालेल का? रेझिन कोणते घ्यावे? – एक वाचक, निर्मल

उत्तर : सांगाड्याला पोणिकी नको. निर्मलच्या खेळणी कोरणाऱ्या नक्काशांनी हे लाकूड निवडले ते हलके आणि मऊ म्हणून. सबवूफरच्या डब्याला नेमके याच्या उलट हवे. कोन मागे-पुढे होताना डब्यातली हवा दाबली जाते, सैलावते. भिंत लवचीक असली तर तीही सोबत थरथरते आणि बास फुटका वाटतो. शिवाय पोणिकी सच्छिद्र, वरचे रेझिन पिऊन टाकते आणि फायबरची मॅट कोरडी राहते. खेळण्यांचे सांधे चिंचोक्याची खळ आणि भुसा यांच्या लगद्याने भरतात, तोही इथे कामाचा नाही. घोंगडीला कडकपणा देणारी खळ हीच, आणि ती पाण्याने सुटते.

तरी लाकूड टाकू नका. वळणदार आकार हवा असेल तर साचा पोणिकीचाच कोरून घ्या. पुट्टी भरा, घासा, रंग द्या, मेणपॉलिशचे चार-पाच हात मारा आणि त्यावर फायबर चढवा. वाळल्यावर साचा काढून घ्यायचा. हे कोरीव काम करणारे हात तुमच्या गावात आहेत, मोठ्या शहरातल्या गॅरेजवाल्याला ते सहज मिळणार नाहीत. साच्यासाठी थर्माकोल मात्र वापरू नका. पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने तो पाहता पाहता विरघळतो.

स्पीकर जिथे आवळायचा ती रिंग १८ मिलिमीटरच्या एमडीएफची करा, कडा रेझिनने बंद करा, नाहीतर ओल लागून ती फुगेल. फायबर वळणात ताठ असते, सपाट जागी लवते, म्हणून सपाट भागही एमडीएफचाच बरा. रिंगपासून तळापर्यंत फ्लीस किंवा होजिअरी कापड ताणा, रेझिन पाजा आणि कडक झाले की आतून मॅटचे थर द्या. पुष्कळ कारागीर इथेच चुकतात आणि कापडावरच रेझिन ओतत बसतात. कापड फक्त आकार धरते, ताकद मॅटची. नुसत्या रेझिनचा जाड थर ठिसूळ असतो, स्क्रू आवळताना तडकतो.

मॅट ४५० ग्रॅमची चॉप मॅट घ्या, तीन-चार थर बसले की बोटाने दाबून पाहा. ही मॅट पॉलिस्टर रेझिनसोबतच वापरायची. तिचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ स्टायरीनने सुटतो, म्हणून ती वळणावर नीट बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसते, मॅट ताठच राहते. इपॉक्सी घेणार असाल तर विणलेले काचकापड घ्या.

दोन्हींत माझी पसंती पॉलिस्टरला. ते स्वस्त आहे आणि तुमच्या मॅटशी जमते. वाळताना मात्र ते आकारमानाने सहा-सात टक्के आकसते, म्हणून सगळे थर एकाच बैठकीत देऊ नका, डबा वाकडा होईल. इपॉक्सी आकसते कमी आणि धरते घट्ट. पण साध्या तापमानाला वाळवलेली कित्येक इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागतात आणि मे महिन्यात उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून तेवढी सहज तापते. पॉलिस्टरचा डबाही गाडीत बसवण्याआधी काही दिवस उन्हात चांगला तापवून घ्या. वासही उडून जाईल.

उन्हाळ्यात काम पहाटे करा. दुपारी रेझिन भांड्यातच गोठते. पॉलिस्टरला हार्डनर एक टक्क्याच्या आसपास, दोनच्या वर कधीही नाही. दुकानदार रेझिनसोबत कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या देत असेल तर आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच हार्डनर घाला. या दोन बाटल्यांतले द्रव एकमेकांत थेट ओतले तर पेट घेतात, स्फोटही होतो. हार्डनर डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्मा लावल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नका.